चोर बदलला, ठाणें मात्र तेंच

साखरखेर्डा हें गांव 1724 सालच्या लढाईमुळें इतिहासांत नांवाजलेलें आहे. निजामउल्मुल्क व मुबारिजखान यांच्या फौजांची येथें गांठ पडली आणि दक्षिणेच्या सुभ्याचा धनी कोण हें ठरलें. त्या काळीं शत्रु कोणत्या वाटेनें येतो हें वेशीवरून दिसत असे. आजचा लुटारू वेशींतून येत नाहीं; तो खिशांतल्या मोबाईलमधून, नामांकित कंपनीचा छाप मारलेल्या बियाण्याच्या पिशवींतून, किंवा हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या नोटेंतून येतो.

अशी लूट झाली म्हणजे गांवचा मनुष्य प्रथम आपल्या ठाण्याची पायरी चढतो, आणि पुष्कळदां ‘हें काम जिल्ह्याच्या सायबर शाखेचें’ असें ऐकून परत फिरतो. यांत अंमलदाराचा आळस कधींच नसतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु सारा दोष त्याच्याच माथीं मारणें अन्यायाचें होईल. माहिती तंत्रज्ञानाच्या 2000 सालच्या कायद्याचें 78 वें कलम सांगतें कीं, या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानें करूं नये. खेड्यांतील कित्येक ठाण्यांचा कारभार सहायक निरीक्षकाकडे असतो. म्हणजे ठाणें आहे, ठाणेदार आहे, तपासाचा अधिकार तेवढा नाहीं! व्यापारचिन्हांच्या 1999 सालच्या कायद्यानें वॉरंटावांचून झडतीचा अधिकार उपअधीक्षकास किंवा वरिष्ठास दिला, व त्यानेंही आधीं निबंधकाचा अभिप्राय घ्यावा असें 115 व्या कलमांत बंधन घातलें. तो अभिप्राय येईपर्यंत खोटा माल दुकानांत वाट पाहत बसेल काय?

हीं बंधनें निष्कारण घातलेलीं नाहींत. हरएक शिपायाची धाड दुकानावर पडूं लागली तर प्रामाणिक व्यापारही बुडेल. तेलगीच्या बनावट मुद्रांकांच्या प्रकरणांत कांहीं पोलीस अधिकाऱ्यांवरच आरोप ठेवले गेले होते, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. परंतु उशिराची किंमतही ध्यानांत घेतली पाहिजे. 2018 च्या ऑगस्टांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर संगणकाच्या द्वारें दरोडा पडला. अवघ्या दोनतीन दिवसांत सुमारें 94 कोटी रुपये गेले, आणि त्यांतील बराच पैसा 28 देशांतील यंत्रांतून काढला गेला. 2023 सालीं पुण्याच्या न्यायालयानें 11 जणांस शिक्षा दिली खरी, पण तपासाला किती वर्षें लागलीं! एवढ्या मोठ्या शहरांतील बँकेची ही गत, तर साखरखेर्ड्याच्या किराणा दुकानदाराची काय कथा?

तेव्हां सरकारनें एक तर मोठ्या बाजारगांवच्या ठाण्यांस निरीक्षक द्यावा, नाहीं तर 78 वें कलम दुरुस्त करून, शिक्षण घेतलेल्या सहायक निरीक्षकास वरिष्ठाच्या देखरेखीखालीं पहिला तपास करूं द्यावा. तोंपर्यंत ठाण्यानें हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. भारतीय न्याय संहितेचें 318 वें कलम फसवणुकीस लागतें व त्यास दर्जाची ही अट नाहीं. 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमाप्रमाणें हद्दीची सबब सांगून फिर्याद नाकारतां येत नाहीं. नाकारलीच तर अधीक्षकांस टपालानें लेखी कळवावी, असा मार्ग त्याच कलमांत दिला आहे.

आतां दोन शब्द आमच्या व्यापारी बंधूंस. पैसा गेला तर पत जाईल या लाजेनें चार दिवस गप्प बसणें म्हणजे चोरास चार दिवसांची मुदत देणें होय. 1930 या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास पैसा वाटेंतल्या खात्यांत अडवितां येतो. हात फिरल्यावर तो अडत नाहीं. तसेंच, ओळखूनही खोटी नोट आठवड्याच्या बाजारांत एखाद्या गरीब बाईच्या पदरीं टाकणें ही चतुराई नव्हे, संहितेच्या 179 व्या कलमाखालील गुन्हा आहे. बियाणें पावतीवांचून विकणारा व स्वस्ताईच्या लोभानें तें तसें घेणारा, दोघेही बनावट मालाचा रस्ता झाडून ठेवतात. पोलिसांनीं जागें व्हावें हें खरेंच. परंतु बाजारानें डोळे मिटले असतां एकट्या चौकीदारानें कोठवर जागावें?