बॅकलॉग, कसारा घाट आणि बाबांचा एक साधा प्रश्न

शुक्रवारी ऑफिसमधून थोडं लवकर सटकायचं, ठाण्याला पंचवटी पकडायची आणि रात्रीच्या जेवणाला नाशिकला घरी हजर व्हायचं, हा माझा गेल्या तीन वर्षांचा शिरस्ता. सोमवारी सकाळी त्याच गाडीने परत. सगळं सुरळीत असेल तर एका बाजूचे साधारण तीन तास. म्हणजे आठवड्याला सहा. वर्षातले चाळीस वीकेंड धरले तर २४० तास, म्हणजे चक्क दहा दिवस आणि दहा रात्री!

इंजिनिअर माणूस, त्यामुळे हा हिशोब मी पहिल्याच महिन्यात करून टाकला होता. राहून गेलेलं सगळं वाचायला आणि बघायला इतका वेळ फुकट मिळतोय म्हटल्यावर मी लगेच एक एक्सेल शीट उघडली. पुस्तकं, सिनेमे, मालिका असे तीन टॅब. नाव, कोणी सुचवलं, प्रायॉरिटी, स्टेटस असे कॉलम. सुरुवातीला ६१ ओळी होत्या. तीन वर्षांनंतर, इतकं सगळं ‘संपवून’, किती राहिल्या असतील? १४८. प्रॉडक्शन सपोर्टमध्ये काम केलेल्या मंडळींना याचं आश्चर्य वाटणार नाही. :)

तर सांगायचा मुद्दा असा, की गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी या शीटचा निकाल लागला.

जेवताना बाबांनी विचारलं, "आज गाडीत काय बघितलंस?"

"एक सीरिज आहे. तीन एपिसोड झाले."

"गोष्ट काय आहे?"

"म्हणजे... एक पोलीस अधिकारी आहे. त्याच्या गावात एक खून होतो. आणि त्याच्या भूतकाळात काहीतरी झालेलं असतं..."

"काय झालेलं असतं?"

"ते अजून नीट दाखवलं नाहीये."

"बरं. नाव काय त्याचं?"

मला नाव आठवेना. तासाभरापूर्वी बंद केलेल्या मालिकेच्या नायकाचं नाव! बाबा म्हणाले, "राहू दे. मागच्या आठवड्यातलं सांग." मागच्या आठवड्यातलं तर अजिबातच आठवेना. मग ते जरा थांबून म्हणाले, "अरे, मग तू तीन तास करतोस तरी काय?"

यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच गोष्ट हवी होती. गेल्या दोन वर्षांत बाबांचं वाचन बंद झालंय. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, वयामुळे होणारा. कडेचं दिसतं, पण समोर बघितलं की नेमका मधोमध धुरकट डाग. म्हणजे दार दिसतं, माणूस दिसतो, पण ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच अक्षर गायब. इंजेक्शनं झाली, त्याने आहे ते टिकलं, गेलेलं परत आलं नाही. ऑडिओबुक्स लावून द्यायचा उद्योग मी अर्थातच करून पाहिला. चार दिवस ऐकली आणि मग म्हणाले, "हा माणूस मला मध्ये काही विचारूच देत नाही."

आता हे बाबा कोण? तर पंचवटीचे जुने पासहोल्डर. पंचवटी १९७५ साली सुरू झाली. बाबा तिच्यात १९८४ ला चढले ते २००३ ला रिटायर होऊनच उतरले. नाशिकरोडहून सकाळी जायचं, रात्री यायचं. डब्यात पत्ते चालायचे, भजनं चालायची, कुणाच्या मुलीची स्थळं चालायची. बाबा वाचायचे. पुस्तक सार्वजनिक वाचनालयाचं. आमचं हे वाचनालय १८४० सालचं, म्हणजे या देशात प्रवासी रेल्वे धावायच्या आधीचं. बाबांच्या वर्गणीत एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. ते आवडलं नाही तरी बदलायला शनिवार उजाडावा लागायचा. तोपर्यंत ते आणि तुम्ही.

त्यांची एक डायरी आहे. पुस्तकाचं नाव, संपल्याची तारीख आणि एका ओळीत मत. ‘शेवट घाईत उरकला.’ ‘पुन्हा वाचावे.’ ‘पहिली शंभर पाने सोसली, पुढे सोने.’ एका ठिकाणी नुसतं लिहिलंय, ‘इगतपुरीला संपले. पुढे खिडकी.’ तेव्हा इगतपुरीला गाडी चांगली रेंगाळायची, कारण मुंबईच्या बाजूला तारेत १५०० व्होल्ट डीसी आणि पुढे २५ हजार व्होल्ट एसी, त्यामुळे इंजिनच बदलावं लागायचं. (आता मुंबईपर्यंत सगळं एसी झालंय, ती भानगड संपली.) पण मला आठवतं ते डायरीपेक्षा जेवणाचं. रात्री पान वाढलं की बाबा वाचलेला भाग सांगायचे. आई म्हणायची, "काल तो वाड्यात शिरला होता, पुढे?" आमच्या घरी आलेल्या निम्म्या कादंबऱ्या मी वाचलेल्या नाहीत, ऐकलेल्या आहेत. आणि त्या मला अजून आठवतात. पात्रांच्या नावासकट.

आता दोघांची तुलना करा. त्यांच्याकडे एक पुस्तक आणि पेंगुळलेला डबा. माझ्याकडे आवाज मारणारे हेडफोन, टॅब, १२८ जीबीचं कार्ड आणि १४८ ओळी. आणि गोष्ट सांगता येतेय त्यांना. बग कुठे आहे?

मी बराच विचार केला (गाडीतच, कसाऱ्याला). कसारा ते इगतपुरी हा घाट ३७ ला १ असा चढतो, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एका इंजिनाला झेपत नाही म्हणून गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. वर बोगदे, आणि बोगद्यात नेटवर्क गायब. म्हणून माझ्यासारखे लोक सगळं आधीच डाउनलोड करून ठेवतात. इथेच गोची आहे. प्रवासाची खरी देणगी वेळ ही नव्हतीच. वेळ तसा घरीही मिळतो, आपणच तो रील्सवर उधळतो. प्रवासाची देणगी ही, की तिथे दुसरं काही हाताशी नसायचं. जे बरोबर घेतलंय ते वाचा, नाहीतर खिडकी. आपण डाउनलोड करून नेमकी तीच अडचण दूर केली. घरातली चाळीस पर्यायांची कटकट बॅगेत भरून गाडीत नेली.

वर त्या डाउनलोडला मुदत असते. काही गोष्टी एकदा सुरू केल्या की ४८ तासांत बघून संपवाव्या लागतात. म्हणजे आपल्याला काय बघायचंय ते आपण बघत नाही, जे उद्या उडणार आहे ते बघतो. दूध नासायच्या आत संपवावं तसं. त्यात मी दीडपट वेगाने बघायचो. दीडपट वेगाने पाहिलेला शोकप्रसंग हा साधारण विनोदी असतो, हे मान्य करायला मला तीन वर्षं लागली.

निवड कमी असली की वाचून होतं, याचा पुरावा नाशिकमध्येच आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. विनायक रानडे यांनी २००९ मध्ये तो सुरू केला. पुस्तकांची एक पेटी काही कुटुंबांच्या गटाला मिळते, त्यांनी ती आपसात फिरवायची, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी बदलायची. या पेट्या नाशिकमधून निघून पार दुबईच्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. माझ्या दृष्टीने यातली गंमत ही, की पेटीत जे असेल ते वाचायचं. एरवी मी ज्या पुस्तकाकडे ढुंकूनही बघणार नाही ते पेटीत आहे म्हणून उचललं जातं. आणि शेजारच्या काकूंनी ते आधी वाचलेलं असतं, त्यामुळे जिन्यात गाठून त्या विचारतात, "मग, कुठवर आलात?" विचारणारं कोणीतरी असतं!

असो. तर पुढच्या शुक्रवारी मी प्रयोग केला. एकच सिनेमा घेतला, परेश मोकाशींचा २००९ चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. माझ्या शीटमध्ये तो पहिल्या दिवसापासून होता, स्टेटस ‘पेंडिंग’. नाशिककर म्हणून लाज वाटावी अशी गोष्ट. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये, गेले नाशिकमध्ये १९४४ ला, आणि आम्ही पांडवलेण्याखालच्या त्यांच्या स्मारकात शाळेच्या सहलीला जाऊन डबा खाऊन आलो, इतकाच काय तो आमचा संबंध.

सिनेमा दीड तासाच्या आसपासचा. कल्याणनंतर सुरू केला, नॉर्मल स्पीडला, इगतपुरीच्या आसपास संपला. पुढे नाशिकरोडपर्यंत काहीही लावलं नाही. बाहेर अंधार होता, त्यामुळे खिडकीत स्वतःचंच तोंड दिसत होतं. पण त्या वेळात मी मनात जुळवाजुळव करत होतो, की रात्री कुठून सुरुवात करायची.

आणि रात्री सांगितली. फाळके १९११ साली गिरगावात मुलाला घेऊन पहिल्यांदा सिनेमा बघतात. असं सांगतात, की छोट्या भालचंद्राने घरी येऊन आईला पडद्यावर हलणारे प्राणी पाहिले असं सांगितलं, आणि घरात कोणाचा विश्वासच बसला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन गेले, आणि तिथे ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट बघताना फाळक्यांच्या डोक्यात आपले देव आले. (म्हणजे बघा, भारतीय सिनेमाची सुरुवातसुद्धा एका मुलाने घरी येऊन काय पाहिलं ते सांगण्यातून झाली.) मग विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला जाणं, वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम टिपणं, तारामतीला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंक्यांना साडी नेसवणं. बाबा मध्ये मध्ये विचारत होते. आई हसत होती. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत यायला आम्हाला ताक-भात उलटून गेला.

मध्ये एक जागा आली. फाळके रोज तासन्‌तास सिनेमे बघायचे, त्या ताणाने त्यांची दृष्टी गेली होती. ते सांगताना मी अडखळलो. बाबांनीच विचारलं, "आंधळे झाले होते?"

"काही दिवस. मग डॉक्टरांच्या उपचारांनी दिसायला लागलं."

"त्यांचं बरं होतं," बाबा म्हणाले.

कोणी काही बोललं नाही. मग तेच म्हणाले, "हं, पुढे?"

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. आपल्या धंद्यात ‘डन’ कशाला म्हणायचं यावर तासन्‌तास मीटिंगा होतात. पुस्तक किंवा सिनेमा ‘झाला’ याची माझी व्याख्या आता एकच आहे: जेवताना समोरच्याला ती गोष्ट सांगता आली पाहिजे, आणि त्याला पुढचं ऐकावंसं वाटलं पाहिजे. क्रेडिट्स वर सरकले म्हणजे झालं असं नाही. या व्याख्येने मोजलं तर माझ्या २४० तासांतले दहासुद्धा भरणार नाहीत.

काही जण म्हणतील, आठवडाभर डोकं पिंजून घेतल्यावर प्रवासात कसला अभ्यास? डोकं बंद करायचं असतं. अगदी मान्य. मग झोपा! झोप ही उत्तम गोष्ट आहे. पण त्याला ‘कॅच अप करतोय’ म्हणू नका. आणि घरी विचारणारं कोणी नसेल, तर रूममेटला सांगा, बहिणीला फोनवर सांगा, नाहीतर बाबांसारखी एका ओळीची डायरी ठेवा. यादी कितीही धावून गाठली जाणार नाहीये. आपण पंचवटीत आहोत आणि ती वंदे भारतमध्ये.

शीट मी डिलीट केलेली नाही, तेवढा पराक्रम अंगात नाही. पण एका प्रवासाला एकच गोष्ट नेतो. सध्या एक जाडजूड कादंबरी चालू आहे, चार शुक्रवार तरी पुरेल अशी. परवा बुधवारी ऐन रिलीजच्या गडबडीत बाबांचा फोन. मला वाटलं, तब्येतीचं काही आहे.

"अरे, त्या मास्तरचं पुढे काय झालं?"

म्हटलं, "बाबा, मी ते फक्त गाडीत वाचतो. शुक्रवारी कळेल."

"मग गुरुवारची रजा टाक की."