विश्लेषण : हिरवा दिवा लागला, म्हणजे फायर अलार्म चालू? पॅनेलमधला ‘डिटेक्टर टाइप’ का महत्त्वाचा?

आगीची दुर्घटना घडली की इमारतीत फायर अलार्म होता का, हे हमखास विचारले जाते. तो नीट सेट केला होता का, हे क्वचितच. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावे लागते. तपासणीत पंप, नळ्या, हूटर डोळ्यांना दिसतात. पॅनेलच्या मेन्यूत काय भरले आहे, ते दिसत नाही.

पॅनेलला काय सांगावे लागते?

जुन्या ‘कन्व्हेन्शनल’ पॅनेलला फक्त झोन कळतो, म्हणजे ‘तिसरा मजला’ एवढेच. ‘अ‍ॅड्रेसेबल’ पॅनेलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्यापुढे प्रकार नोंदवलेला असतो : धूर, उष्णता, दोन्ही एकत्र, हाताने दाबायचे बटण की मॉड्यूल. छताला एक आणि नोंदीत दुसराच प्रकार असेल, तर बहुतेक पॅनेल फॉल्ट दाखवतात.

खरी अडचण ‘ऑटो-लर्न’ची. ही सोय वापरली की पॅनेल वायरवरची उपकरणे स्वतः शोधून यादी बनवते. वेळ वाचतो. पण तिथे काय लावले आहे एवढेच पॅनेलला कळते; काय लावायला हवे होते, ते नाही. किचनमध्ये धुराचा डिटेक्टर बसवला, तर पॅनेल तो निमूटपणे स्वीकारते.

मग बिघडते कुठे?

फोडणीचा धूर उठला की अलार्म वाजतो. दोनदा सगळे खाली उतरतात, तिसऱ्यांदा कुणी हलत नाही आणि शेवटी सुरक्षारक्षक तो झोनच ‘डिसेबल’ करतो. किचन किंवा गाड्यांचा धूर साचणाऱ्या तळघरातल्या पार्किंगसाठी उष्णतेचा डिटेक्टर योग्य. तो साधारण ५७ अंश सेल्सिअसला चालू होतो. काही प्रकार तापमान मिनिटाला सुमारे ८ अंशांनी वाढू लागले तरी इशारा देतात.

उलटी चूक जास्त जीवघेणी. झोपायच्या खोलीत किंवा रुग्णालयाच्या वॉर्डात फक्त उष्णतेचा डिटेक्टर असेल, तर वायर वा गादी धुमसून खोली धुराने भरते, तरी छताजवळचे तापमान फारसे चढलेले नसते. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी १० बालके दगावली. त्यातील सात धुराने गुदमरल्याचे तेव्हा सरकारने सांगितले होते. अशा कक्षात धुराचा इशारा पहिल्या मिनिटांतच मिळायला हवा.

सर्वांत फसवी नोंद कोणती?

स्प्रिंक्लरच्या पाइपवरचा फ्लो स्विच. पाणी वाहू लागले की तो मॉड्यूलमार्फत पॅनेलला कळवतो. त्या मॉड्यूलचा प्रकार ‘फायर’ऐवजी ‘सुपरवायझरी’ भरला, तर पॅनेलवर एक ओळ उमटते, तिथला बझर वाजतो आणि मजल्यांवरचे हूटर मात्र गप्प राहतात. फॉल्टही दिसत नाही, कारण पॅनेलच्या लेखी काहीच चुकलेले नसते.

सोसायटीने काय मागावे?

क्रमांक, जागा आणि प्रकार असलेली पॅनेलची छापील यादी. शिवाय कशामुळे काय वाजेल, कोणती लिफ्ट खाली येईल हे सांगणारा ‘कॉज अँड इफेक्ट’ तक्ता. यादी हातात घेऊन जिने, किचन, पार्किंग फिरायला अभियंता लागत नाही. फ्लो स्विचची चाचणी मात्र पाणी सोडूनच करून घ्यावी आणि हूटर वाजतो का, ते मजल्यावर उभे राहून ऐकावे. देखभालीचे कंत्राट बदलताना पॅनेलचा पासवर्ड आणि सेटिंगची फाइलही लेखी ताब्यात घ्यावी.