भागीदार की पाहुणे?

परवा भाचीचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "मामा, प्रोजेक्टसाठी मोखाड्याला जाऊन आलो! पाण्याचा सर्व्हे केला. आता सोलर पंप बसवणार." पोरगी एकदम खूश. मी विचारलं, "कधी गेला होतात?" म्हणे, जानेवारीत.

इथेच तर घोडं पेंड खातं!

जव्हार-मोखाड्यात भातकापणी आणि दिवाळी आटोपली की कितीतरी वारली, कातकरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामांवर जातात. मागे राहतात म्हातारी माणसं. विहिरींनाही तेव्हा थोडंफार पाणी असतं. खरी टंचाई मार्चपासून, टँकर येतात तेव्हाची. म्हणजे माणसं नसताना आणि पाणी असताना यांनी पाणीटंचाईचा सर्व्हे केला! का? तर मे महिन्यात परीक्षा असते.

मी तरी कोण मोठा शहाणा? कॉलेजात असताना एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्हीही एक बंधारा घातला होता. पुढच्याच पावसात वाहून गेला म्हणे. बघायला आमच्यातलं कुणी फिरकलं नाही. सर्टिफिकेट मात्र अजून फायलीत आहे.

"अहो, पण मुलं शिकतात ना?" शिकतात की. पण गावाला 'भागीदार' म्हणायचं आणि प्रश्न आपणच ठरवायचा, उत्तर आपणच द्यायचं, मार्कही आपणच वाटायचे, ही कसली भागीदारी?

इंजिनिअरिंग त्या डोंगरांना नवीन नाही हो. मुंबईला पाणी देणारं, शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातच पुरं झालं. अक्कल होती, पैसाही होता. विचारलं गेलं नाही ते पाड्यांना.

चांगली वाट नाही असंही नाही. आयआयटी मुंबईचं 'सितारा' केंद्र १९८५ पासून ग्रामीण प्रश्नांवर काम करतंय. २०१६ च्या उन्नत महाराष्ट्र अभियानाची कल्पनाही हीच, की कॉलेजांनी आपल्या जिल्ह्याचे खरे प्रश्न अभ्यासाला घ्यावेत. माझं म्हणणं एवढंच, की निम्मे मार्क वर्षभर राखून ठेवा. पंप चालतोय का, बिघडला तर गावात कुणाला दुरुस्त करता येतो का, हे बघून ते ग्रामसभेला देऊ द्या. बघू कितीजण पास होतात!

भाचीला म्हटलं, मे महिन्यात जा, डोक्यावर हंडा घेऊन एक खेप कर, मग पंपाचं बोलू. बहुतेक रागावलीय. ताई, तू हे वाचशीलच. तिची समजूत काढू नकोस, तिकीट काढून दे.