मशीन कोण लावतो?

आज ८ सप्टेंबर, जागतिक फिजिओथेरपी दिन. १९५१ साली याच तारखेला या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली, त्याची ही आठवण. जळगाव-धुळ्यात आज तपासणी शिबिरे होतील, सत्कार होतील, आणि ते व्हायलाच हवेत. भडगावसारख्या तालुक्याच्या गावाने मात्र आज एक साधा प्रश्न विचारायला हवा. रुग्णाला प्रत्यक्ष हात लावणारा माणूस कोण, आणि त्याने काय करावे, काय करू नये, हे कुठे लिहिलेले आहे का?

कजगाव, आमडदे, कोळगाव, गुढे, कुठल्याही गावातला लकव्याचा पेशंट घ्या. मोठ्या दवाखान्यातून सुटी मिळते तेव्हा कागदावर शेवटची ओळ असते : ‘फिजिओथेरपी चालू ठेवा.’ जळगाव इथून साठेक किलोमीटर. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातला एक माणूस अडकवून रोज गाडी करणे कुणाला परवडते? मग जवळचे सेंटर गाठले जाते. तिथे थेरपिस्ट अनेकदा ठरावीक वारीच येतात. उरलेल्या दिवशी शेक देणे, करंट लावणे, व्यायाम करून घेणे हे सगळे असिस्टंटवर असते. कुणी छोटामोठा कोर्स केलेला, कुणी बघून बघून शिकलेला. पेशंट त्यालाही डॉक्टरच म्हणतात. ही मुले-मुली बहुधा मनापासून राबतात. ती नसती तर तालुक्यातले कितीतरी रुग्ण खाटेलाच खिळून राहिले असते. म्हणून त्यांना हाकलून लावा, असे म्हणण्यात अर्थ नाही.

पण या कामातले धोके दिसतात तितके किरकोळ नाहीत. शेकाची पिशवी ठेवणे हे कुणालाही जमेल असे वाटते. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्याला मात्र भाजतेय हे कळतच नाही. फोड आल्यावर घरच्यांच्या लक्षात येते. म्हणूनच पिशवी ठेवण्याआधी गार-गरम कळते का, हे तपासायचे असते. लकव्याने लुळा पडलेला हात वर ओढून व्यायाम दिला, तर खांद्याचा सैल झालेला सांधा आणखी सरकतो आणि दुखणे कायमचे मागे लागते. ऑपरेशननंतर पोटरी सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गाठ असू शकते. तिथे मालिश म्हणजे जिवाशी खेळ. छातीत पेसमेकर असलेल्याला करंट लावण्याआधी दहादा विचार करावा लागतो. यंत्राचे बटण दाबायला कुणीही आठवड्यात शिकेल. ते आज दाबायचे की नाही हे ठरवण्यासाठीच पदवीची वर्षे खर्ची पडतात.

कायदा याबाबत काय म्हणतो? महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आणली. त्यानंतर संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपिस्टची व्याख्या स्पष्ट आहे : किमान पदवी हवी, तपासणी व उपचार करता येतात, स्वतंत्रपणे वा चमूत राहून काम करता येते. मात्र फिजिओथेरपीच्या गटात हे एकच नाव आहे. भूलतज्ज्ञाच्या हाताखालच्या सहाय्यकाला त्याच अनुसूचीत जागा मिळाली. फिजिओथेरपीच्या सहाय्यकाला मिळाली नाही. आणि कायदा झाला म्हणजे कारभार सुरू झाला असेही नाही. राज्यांच्या परिषदा वेळेत उभ्या राहिल्या नाहीत, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

अमेरिकेत हा प्रश्न पन्नास-साठ वर्षांपूर्वीच हाताळला गेला. तिथे १९६७ मध्ये सहाय्यकांचे पहिले अभ्यासक्रम सुरू झाले. आज सहाय्यक दोन वर्षांचे शिक्षण घेतो, परीक्षा देतो आणि राज्याचा परवाना मिळवतो. थेरपिस्टने आखून दिलेले उपचार तो त्याच्या देखरेखीखाली देतो. पहिली तपासणी, निदान आणि उपचारांची आखणी थेरपिस्टकडेच राहते. रुग्णात काही वेगळे दिसले तर थांबायचे आणि कळवायचे, हे त्याचे कर्तव्य असते. त्याच्याही खालच्या, परवाना नसलेल्या मदतनिसाच्या मर्यादा आणखी कडक. वृद्धांसाठीच्या सरकारी विम्यात तर २०२२ पासून सहाय्यकाने दिलेल्या उपचाराला ८५ टक्केच दर मिळतो. म्हणजे उपचार कुणी दिला याची बिलावरही नोंद राहते. तिथली व्यवस्था जशीच्या तशी उचलावी असे नाही. पण मदतनीस हवा असेल तर त्याची हद्दही आखावी लागते, एवढे शहाणपण घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे मात्र वाद रंगला तो नावापुढच्या ‘डॉ.’ या एका अक्षरावर. सप्टेंबर २०२५ मध्ये, याच दिनाच्या दुसऱ्या दिवशी, फिजिओथेरपिस्टांनी ही उपाधी लावू नये असे पत्र केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने काढले आणि लगेच मागेही घेतले. मानाचा प्रश्न महत्त्वाचा असेलही, पण भडगावच्या पेशंटला पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा आतल्या खोलीत मशीन कोण लावतो, याच्याशी जास्त देणेघेणे आहे.

करायचे काय, हे फार अवघड नाही. आयोगाने आणि राज्याच्या परिषदेने सहाय्यकाचा वेगळा वर्ग मान्य करावा. त्याचे शिक्षण, नोंदणी आणि कामाची यादी ठरवावी. आज बघून बघून शिकलेल्यांना पूरक प्रशिक्षण घेऊन त्या वर्गात येण्याची वाट ठेवावी, नाहीतर ते लपूनछपून तेच करत राहतील. एका थेरपिस्टच्या नावावर किती सहाय्यक आणि किती सेंटरे चालावीत, यालाही मर्यादा हवी. आणि कायद्याची वाट न पाहता प्रत्येक सेंटरला आजपासून एक गोष्ट करता येईल : थेरपिस्टने तपासून लिहिलेला उपचारांचा कागद पेशंटच्या हाती द्यायचा. काय द्यायचे, किती वेळ, काय टाळायचे, पुन्हा केव्हा तपासायचे, खाली नाव आणि नोंदणी क्रमांक. तो कागद नसेल तर मशीन लावून घेण्याआधी तो मागायचा. यात कुणाचा अपमान नाही. आपल्या माणसाच्या अंगाला हात लागण्याआधी एवढे विचारण्याचा घरच्यांना पूर्ण हक्क आहे.