जुनी प्रत आणि लेखकाचा हक्क

समकालीन कथासंग्रहाची जुनी प्रत विकत घेणे म्हणजे लेखकाचे मानधन बुडवणे, हा आक्षेप मराठी वाचकांत वरचेवर घेतला जातो. तो तीन मुद्द्यांवर उभा आहे: जुन्या प्रतीतून लेखकाला काही मिळत नाही, नव्या प्रतींचा खप घटतो आणि चोरछपाईला आडोसा मिळतो.

पहिल्या मुद्द्यात वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. मानधन दहा टक्के धरले, तर 300 रुपयांच्या प्रतीवर लेखकाचे 30 रुपये पहिल्याच विक्रीला ठरतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 14 प्रती वितरित करण्याचा हक्क लेखकाला देते, मात्र आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळते. फेरविक्री कायद्याच्या नजरेतून सुटलेली नाही. मूळ हस्तलिखित 10,000 रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलम 53अ लेखकाचा वाटा मान्य करते. छापील प्रतीला मात्र हे कलम लागू नाही.

दुसऱ्या मुद्द्याची परीक्षा छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाईच्या वैशाली नगरसारख्या वस्तीत होते. 1956 पर्यंत हा जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. 1959 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि कारखान्याबरोबर मराठी कुटुंबेही या परिसरात स्थिरावली. मराठी पुस्तकांची जवळची मोठी बाजारपेठ म्हणजे आजही नागपूरच, अडीचशे किलोमीटरहून दूर. निवृत्तीनंतर गाव बदलताना घरातली पुस्तके किलोच्या भावाने निघतात. पहिल्या पानावर शाईने लिहिलेले नाव आणि तारीख, आत घडी घातलेले बसचे तिकीट, कोपऱ्यात पेन्सिलीने टाकलेली नवी किंमत, अशी ती प्रत कोणी उचलली नाही, तर तिचा लगदा होतो. म्हणजे जुन्या प्रतीची खरी स्पर्धा रद्दीशी आहे.

तिसरा मुद्दा दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत करतो. जुनी प्रत प्रकाशकानेच छापलेली असते. चोरप्रत मात्र कोरी असूनही स्वस्त मिळते. तिची अक्षरे पुसट, समास वाकडे आणि बांधणी कच्ची असते. जाणूनबुजून केलेल्या चोरछपाईला कलम 63 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिला विरोध हवाच. त्यासाठी जुन्या बाजाराला दोष देण्याचे कारण नाही.

आता मंडन. जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला 2012 चा, आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला 2016 चा आणि किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला 2021 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्काराने नाव दूरवर जाते, पुस्तक मात्र हातोहात फिरूनच पोचते. एका जुन्या प्रतीने लेखकाला नवा वाचक मिळतो, आणि पुढच्या संग्रहाची नवी प्रत घेणारा याच वाचकांतून येतो.

याला एक मर्यादा आहे. लेखक हयात आहे, आवृत्ती उपलब्ध आहे आणि खिशाला परवडते आहे, अशा वेळी नवीच प्रत घ्यावी. आवृत्ती संपलेली असेल किंवा नवी प्रत आवाक्याबाहेर असेल, तर जुनी प्रत निःशंक घ्यावी, वाचून पुढच्या हाती द्यावी. रद्दीत मात्र घालू नये.