साबणाचा ताळेबंद

चरबीविरहित साबण घरीच करावा, हा अनेक कुटुंबांचा आग्रह स्तुत्य आहे. मात्र तो हातांना चुरचुरू लागला, तर प्रथम वजने तपासावीत.

माप आणि वजन यांतील भेद व्यापारी घराण्यांना ठाऊकच असतो. तरीही स्वयंपाकघरात एक लिटर खोबरेल आपण सहज एक किलो धरतो. वस्तुतः ते सुमारे 910 ग्रॅम भरते. एक किलो खोबरेलास पूर्ण साबणासाठी सुमारे 183 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. सुरक्षिततेसाठी पाच टक्के कमी, म्हणजे 174 ग्रॅम घेतात. परंतु 910 ग्रॅम तेल जेमतेम 167 ग्रॅम सोडा पचवते. उरलेले 7 ग्रॅम त्वचा जाळतात.

उपाय सरळ आहे. हातमोजे घालून साबण किसावा, स्टीलच्या पातेल्यात थोड्या पाण्यासह मंद आचेवर वितळवावा आणि तुटीचे 90 ग्रॅम खोबरेल तोलून मिसळावे. ॲल्युमिनियमचे भांडे टाळावे.

सोलापूरच्या करडई तेलाचा हिशेब निराळा: पूर्ण साबणास किलोमागे सुमारे 136 ग्रॅमच सोडा. शिवाय निव्वळ करडईचा साबण मऊ राहतो, लवकर खवटतो. म्हणून ते खोबरेलास जोड म्हणूनच घ्यावे.

पैशापैशाचा मेळ घालणाऱ्या घरात ग्रॅमाचाही मेळ बसावा; येथील फरक लेकरांच्या त्वचेवर उमटतो.