भिंत नसलेलं पाणी

सोलापूरला समुद्र नाही. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीतल्या पोहण्याची तयारी इथल्या मंडळींनी करायची ती जलतरण तलावातच. शर्यतीतलं १.९ किलोमीटर पोहणं म्हणजे पन्नास मीटरच्या ३८ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला भिंतीवर पाय रेटून मिळालेला आयता वेग. समुद्रात ती भिंत नसते, तळाची काळी रेघही नसते. म्हणून अधूनमधून भिंतीला न शिवता अलीकडूनच वळावं. सहा-आठ हात मारले की डोळे वर काढून समोरची खूण हेरावी. पाय जपून मारावेत, पुढे नव्वद किलोमीटर सायकल आहे! उन्हाळ्यात तलावांवर झुंबड उडते. तेव्हा पहाटे एक लेन तरी महापालिकेने या सरावासाठी राखून ठेवावी, ही आमची आग्रहाची मागणी आहे.